हद्द ओलांडण्याचा परवाना

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचे तर सरकारची कोणती परवानगी लागते, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने मला विचारला. ती तलासरी तालुक्यातील एका पाड्यावरची, वारली समाजातली. इंग्रजी विषय घेऊन बी. ए., पुढे बी. एड. बाप भातकापणी उरकली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो. आईला सही येत नाही. कोणा एजंटाने तिला सांगितले होते की पैसे भरा, आधी टुरिस्ट व्हिसावर चला, कागद तिकडे गेल्यावर करू. ती माझ्याकडे आली याचे कारण एवढेच, की तिच्या ओळखीत कॉलेजात शिकवणारा दुसरा कोणी नव्हता. मी इतिहास शिकवतो. पासपोर्ट माझ्याजवळही नव्हता. माझे वडील रेल्वेत गँगमन. त्यांच्या पासवर आम्ही फार तर नागपूरला, दीक्षाभूमीपर्यंत गेलेलो. चौकशी करून सांगतो, असे तिला म्हणालो आणि त्या चौकशीतून हा लेख निघाला.

'परवानगी' हा शब्द डहाणू-तलासरीच्या माणसाला नवा नाही. १९४५ पर्यंत येथील आदिवासीला परदेश सोडा, मालकाचे शेत सोडायलाही मुभा नव्हती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलले की तो लग्नगडी होई. त्या कर्जापोटी तो स्वतः आणि त्याची नवी बायको दोघेही मालकाच्या दारात राबत, आणि कर्ज फिटले की नाही हे मालकच ठरवी. पळून गेलेल्या गड्याला धरून आणून मारण्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नसे. मुंबई सरकारचा अधिकारी सिमिंग्टन याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस जो अहवाल दिला त्यात हे सारे सरकारी भाषेत नोंदलेले आहे. म्हणजे सरकारला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. २३ मे १९४५ रोजी झरी गावी किसान सभेची परिषद भरली, श्यामराव आणि गोदावरी पारुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडी बंद करण्याचा निर्धार झाला, आणि मग माणसे मालकाच्या दारातून बाहेर पडली. त्याची किंमतही लगेच वसूल झाली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मारले गेले. पुढच्या वर्षी पारुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. येण्याची, जाण्याची, राहण्याची परवानगी ही सत्तेच्या हातची वस्तू असते, हे या भागाने पुस्तकात वाचलेले नाही.

याच मुलखातला दुसरा इतिहास याच्याशेजारी ठेवून पाहावा. डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात चिकूच्या वाड्या आहेत. त्यांतील बऱ्याच वाड्या इराणी कुटुंबांच्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर यज्द आणि किरमाणकडून, छळाला आणि दारिद्र्याला कंटाळून हे झरथुष्ट्री लोक इकडे आले. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानात शिरायला पासपोर्ट लागत नसे. ती सक्ती युद्धकाळात आली आणि १९२०च्या कायद्याने कायम झाली. म्हणजे इराणातून डहाणूला यायला कागद लागला नाही, आणि वारल्याला डहाणूतल्या डहाणूत एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाता येत नव्हते. इराणी कष्टाळू होते, पोटासाठी आले होते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाच्या हालचालीवरचे बंधन देशाच्या सीमेवर सुरू होते, हा जो आपला समज आहे तो या मुलखात टिकत नाही, एवढेच म्हणायचे आहे.

आता सीमेबाहेरची परवानगी. आपल्याकडे ती आधी धर्माकडे होती. समुद्र ओलांडला की उच्चवर्णीयांची जात जाई आणि प्रायश्चित्ताने परत मिळे. ज्याला जात जाण्याची भीतीच नव्हती, कारण जातीने काही दिलेलेच नव्हते, त्याच्यासाठी समुद्र मोकळा होता. पण कसा? गिरमिटावर अंगठा उठवून. मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या कोकणपट्टीच्या मजुरांची नातवंडे-पतवंडे आजही तिथे मराठी म्हणवून घेतात. अशा मजुरांची जहाजे तपासण्यासाठी इंग्रजांनी एक अधिकारी नेमला होता, 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स', देशांतर करणाऱ्यांचा रक्षक. गिरमिट १९१७ नंतर बंद पडले. रक्षक मात्र राहिला. १९२२च्या एमिग्रेशन कायद्यात तो होता, १९८३च्या कायद्यातही आहे, आणि मुंबईत त्याचे कार्यालय आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे परदेशगमन आपण अभिमानाने सांगतो, पण त्यातील कागद कोणी बघत नाही. १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले ते दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. १९१६ मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला जायचे तर पुन्हा संस्थानाची संमती. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने दिली होती. करार पाळायला बडोद्याला गेले तर राहायला जागा मिळेना. नंतर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. तिथे स्टाफरूममधल्या पाण्याच्या माठावरून सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. त्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये यांवर १९२० मध्ये ते पुन्हा बोटीत चढले. चार वर्षांची मुदत संपायच्या आत. मुदत, करार, संमती, मुभा हे शब्द त्यांच्या चरित्रात जागोजागी सापडतात, आणि कागद चोख ठेवणाऱ्या त्या माणसाला ते का ठेवावे लागले हेही त्यातून कळते.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? पुष्कळांना हे माहीत नसते की १९६७ पर्यंत भारतीय नागरिकाला पासपोर्ट मिळण्याचा कायदेशीर हक्कच नव्हता. पासपोर्ट देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. त्यासाठी संसदेने केलेला कायदाही नव्हता. ही मर्जी कोणावर होत होती? कलात्मिका नटराजन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात १९४७ ते १९६७ या काळातील सरकारी कागद तपासले आहेत. परदेशात गेलेल्या 'कुली'मुळे देशाची मान खाली जाते, ही गिरमिटाच्या काळातली लाज स्वतंत्र देशाच्या मुत्सद्द्यांनीही जपली. आणि योग्य प्रतीची माणसेच बाहेर दिसावीत म्हणून गरीब, अशिक्षित, खालच्या जातीच्या अर्जदारांना पासपोर्टापासून दूर ठेवण्यात आले. ब्रिटनला निघालेल्यांच्या बाबतीत अक्षरओळख आणि इंग्रजीचे ज्ञान पाहिले जाई. नियमात जात कुठे लिहिलेली नव्हती. ज्या देशात शाळा जातीने वाटून दिली होती तिथे इंग्रजी विचारले की जात विचारण्याची गरज उरत नाही.

आणि इंग्रजी ज्यांना येत होते त्यांचे तिकडे काय झाले तेही पाहू. १९६२च्या ब्रिटिश कायद्याने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांसाठी व्हाउचरची पद्धत सुरू केली. 'ब' वर्गाचे व्हाउचर विशेष पात्रतेच्या लोकांना. त्यात डॉक्टर होते तसे शिक्षकही होते. भारतातले कितीतरी पदवीधर शिक्षक हे व्हाउचर घेऊन इंग्लंडला उतरले आणि त्यांतले बरेच भट्टीत, कारखान्यात, बसच्या कंडक्टरीत गेले. इथली पदवी तिकडच्या शिक्षणखात्याला पुरेशी वाटेना आणि इथले उच्चार तिकडच्या मुलांना कळणार नाहीत असे सांगण्यात आले. देशात येण्याची परवानगी मिळाली म्हणजे वर्गात उभे राहण्याची मिळाली, असे नसते. आपल्या विद्यार्थ्यांनी हा भेद नीट समजून घ्यावा.

मर्जीचा हा कारभार सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी थांबवला. सतवंतसिंग सॉनी या व्यापाऱ्याचा तो खटला. सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्यासह तीन न्यायमूर्ती एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. परदेशी जाणे हा घटनेच्या २१व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, तो कायद्यावाचून हिरावता येणार नाही, आणि बेलगाम मर्जी ही १४व्या कलमातील समतेला बाधक आहे, असा निकाल झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. सॉनी हे सधन आयात-निर्यातदार होते. हक्क मात्र सर्वांना मिळाला. वरच्या माणसाने आपल्यापुरते भांडून खालच्याची वाट मोकळी होते असे क्वचित घडते, ते इथे घडले.

पण त्या कायद्यातील एक कलम आपल्या कार्यकर्त्यांनी वाचून ठेवावे. कलम ६, पोटकलम २, खंड फ. अर्जदारावर भारतातील फौजदारी न्यायालयात गुन्ह्याचे प्रकरण प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. १९९३च्या अधिसूचनेने त्यात वाट ठेवली आहे: ज्या न्यायालयात प्रकरण आहे त्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो. आता तलासरी-डहाणूचा विचार करा. इथे जमिनीसाठी, वनहक्कासाठी, रेशनसाठी, अलीकडे वाढवण बंदराच्या विरोधात माणसे रस्त्यावर येतात. मोर्चातल्या मुलावर जमावबंदी मोडल्याचा, रस्ता अडवल्याचा गुन्हा दाखल होतो, आरोपपत्र कोर्टात पडते आणि तारखा चालू राहतात. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाच्या आयुष्यात हे प्रकरण सहसा येत नाही. मोर्चाला जाऊ नका असे मी सांगणार नाही, मीही जातो. पण नाव कुठल्या कागदावर चढले आहे, खटला निकाली निघाला की नुसता विस्मरणात गेला, याची चौकशी वेळीच करावी. लपवून अर्ज केला तर माहिती दडवल्याचा वेगळा दोष लागतो.

१९८३च्या एमिग्रेशन कायद्याकडे वळू. त्यात 'काम' म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहे. अकुशल मजुरी, घरकाम, हॉटेलातील चाकरी, ड्रायव्हर, मेकॅनिक, कारागीर, टंकलेखक, नर्स, आणि सिनेमा, प्रदर्शन वा करमणूक यांसंबंधीचे काम. शिक्षकाचे नाव त्यात नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी मास्तर हा संरक्षण द्यावे असा कामकरी नव्हे. आता आपल्याच तालुक्यातील उदाहरण. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगावचा, आयुष्य डहाणूच्या गंजाडमध्ये गेले. १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ची पद्मश्री. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. कायद्याच्या काट्यावर टाकले तर परदेशात भिंत रंगवून दाखवणारा वारली चित्रकार 'प्रदर्शना'त मोडतो आणि वारली शिक्षिका कशातच मोडत नाही. भिंतीवर चित्र काढून दाखवणारा आदिवासी जगाला पाहिजे असतो. त्याला निमंत्रण येते, तिकीट येते. फळ्यावर व्याकरण लिहिणारी आदिवासी बाई कोणी कल्पिलेलीच नाही. म्हसे यांच्या कर्तृत्वाला यात कमीपणा नाही. त्यांची रेघ कोणाच्या मेहेरबानीने मोठी झालेली नाही.

या कायद्याने पासपोर्टाचे दोन वर्ग केले. अठरा देशांच्या एका यादीतील ठिकाणी, म्हणजे बहुतांशी आखाती देशांत, मलेशियात, थायलंडमध्ये नोकरीसाठी जायचे तर दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर तसा शिक्का असतो आणि त्याला रक्षकाच्या कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. दहावी व त्यापुढे शिकलेल्याला ती लागत नाही. त्याचे पान कोरे. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ठरवले की शिक्केवाल्यांचा पासपोर्टच नारिंगी रंगाचा करायचा. विमानतळावरच्या रांगेत कोण न शिकलेला आहे ते लांबूनच ओळखू यावे! ओरड झाली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निर्णय मागे घेतला गेला. मंजुरीची पद्धत अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. मालकाचा करार, पगार, विमा तपासणारे कोणीतरी असावे. आखातात अडकून पडलेल्या मजुराच्या घरच्यांना विचारा. पण ज्याला शाळा दिली नाही त्याच्याच कपाळी शिक्का मारायचा, ही रीत आपण फार जवळून ओळखतो.

माझी विद्यार्थिनी पदवीधर, तेव्हा तिचे पान कोरे. तिच्या घरातले कोणी पासपोर्ट काढायला गेले असते तर शिक्का बसला असता. हे मी तिला सांगितले तेव्हा ती हसली नाही.

पण पासपोर्टापर्यंत पोचण्याआधीच कागदांनी आम्हाला दोन महिने फिरवले. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना पूर्वी जन्माचा दाखलाच द्यावा लागे. पाड्यावर, दाईच्या हातून झालेल्या जन्माची नोंद कोण करणार? गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहिले, आणि अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकच झाला. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल होऊन शाळा सोडल्याचा दाखला, आधार वगैरे पर्याय आले म्हणून तिचे काम झाले. दुसरी अडचण नावाची. आडनावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेत एक, पदवीवर दुसरे, जातीच्या दाखल्यावर तिसरे. तिन्ही ठिकाणी ते दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेले. तेव्हा प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाची दुरुस्ती, पुन्हा फेऱ्या. ज्यांच्या घरात तीन पिढ्या नाव इंग्रजीत लिहिले जाते त्यांना ही अडचण समजावून सांगावी लागते.

पुढे पदवीची साक्षांकने. आधी राज्य सरकारच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाची. जो देश हेगच्या अपोस्टील करारात आहे त्याला मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का चालतो. भारतात हा करार जुलै २००५ पासून लागू आहे. जो देश त्यात नाही त्याच्या वकिलातीचा आणखी एक शिक्का. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यावरून हा सारा प्रश्न निघाला: क्रम. आधी नोकरी, मग त्या शाळेने तिथल्या सरकारकडे केलेला अर्ज, मग कामाचा व्हिसा, आणि शेवटी विमान. टुरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवणे म्हणजे गुन्हेगार होऊन शिकवणे. मग मालक जे देईल ते घ्यायचे आणि तक्रार करायची नाही. लग्नगड्याची तरी दुसरी काय स्थिती होती? भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी १९८३च्या कायद्याखाली असावी लागते, आणि कामगाराकडून त्याने घ्यायच्या सेवाशुल्काला तीस हजार रुपये आणि त्यावरील कर अशी मर्यादा आहे. एजंटाला नोंदणी क्रमांक विचार, असे मी तिला म्हणालो. तिने विचारला. त्याचा फोन पुन्हा आला नाही.

इतके झाल्यावर परदेशाची अट. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा वर्षानुवर्षे फक्त सात देशांच्या नागरिकांना मिळे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेला आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला आणि त्यात पदवी व शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीयाला शाळेत सहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट मिळाली. जपानमध्ये शाळेत परभाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी, ती मातृभाषा नसेल तर, त्या भाषेतून किमान बारा वर्षे शिक्षण झालेले असावे लागते.

बारा वर्षे. माझी विद्यार्थिनी मराठी माध्यमाच्या आश्रमशाळेत शिकली. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० सालापासून. तिच्या आधीच्या पिढीला पाचवीत एबीसीडी भेटायची. आणि मराठी तरी तिची कुठे होती? घरात वारली, बाजारात गुजराती, शाळेत मराठी, पुस्तकात इंग्रजी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले त्याचा गाभाच हा होता, की मूल ज्या भाषेत जगते तिथून सुरुवात करावी. त्या टेकडीभोवतीच्या तालुक्यांत ते किती रुजले हा वेगळा विषय, आणि त्यावर लिहायला बसलो तर संपादक जागा देणार नाहीत. पण ज्या मुलीला स्वतःच्या भाषेतून एक वर्षही शिक्षण मिळाले नाही तिला परक्या भाषेतल्या बारा वर्षांचा हिशेब मागितला जातो. चौथी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेली ही बाई, भाषा परकी वाटणाऱ्या मुलाला ती शिकवायला जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा अधिक लायक असू शकते, हे कोणत्याही व्हिसाच्या फॉर्मात लिहायला रकाना नाही.

१९४७ नंतरच्या आपल्या पासपोर्ट अधिकाऱ्याने इंग्रजी विचारून माणसे गाळली. त्या चाळणीतून निघालेल्यांना तिकडच्या शिक्षणखात्याने उच्चारांवरून गाळले. आज आपले सरकार पदवीधराला कोरे पान देते आणि पुढची चाळणी सेऊल, टोकियो लावतात. चाळणी धरणारे हात बदलले आहेत, भोके तीच आहेत. यावर काही तरुण मित्र म्हणतात की मग इंग्रजीचा नाद सोडा. मला हे पटत नाही. इंग्रजी सोडण्याचा सल्ला ज्यांच्याकडून येतो त्यांची मुले कुठल्या शाळेत जातात ते मी नेहमी विचारतो.

तिचा पासपोर्ट आला आहे. साक्षांकने झाली आहेत. आखातातल्या एका शाळेशी पत्रव्यवहार चालू आहे, करार हाती आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही असे आम्ही ठरवले आहे. तोवर ती भिलाडजवळच्या एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवते. तलासरीतून शेअर रिक्षाने रोज राज्याची सीमा ओलांडते. १९६० पूर्वी हा सारा एकच उंबरगाव तालुका होता. सीमेवर तिला कोणी कागद विचारत नाही. नेमणुकीचे पत्र मात्र शाळेने अजून दिलेले नाही.